वाट एकच, चढ वेगळा

(पावसाळ्यापूर्वी मुलुंड येथे झालेल्या स्वयंसेवकांच्या सभेतील भाषण)



पुढच्या महिन्यात आपण माथेरानच्या उतारावरच्या ठाकरवाडीला भेट द्यायला जाणार आहोत. तुमच्यापैकी अर्ध्याहून अधिक जण पहिल्यांदाच येताहेत. म्हणून सेक्रेटरींनी मला सांगितलं, "वाट कशी आहे, बरोबर काय घ्यायचं, वर गेल्यावर कसं वागायचं, एवढं समजावून सांगा." ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एका प्रश्नाबद्दल बोलू द्या. इर्शाळवाडीची दरड कोसळल्यापासून मी ज्या ज्या मंडळीत गेलो, तिथे उपासनेनंतर चहाच्या वेळी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. "एवढा धोका आहे, एवढे हाल आहेत, तर ही माणसं खाली का येत नाहीत?"

प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, मला ते ठाऊक आहे. पण त्याचं उत्तर या व्यासपीठावर उभं राहून नीट देता येत नाही. ते त्या वाटेवर चालतानाच कळत जातं. म्हणून आज तुम्हाला शब्दांनी का होईना, त्या वाटेवरून नेतो.

मुलुंडहून ठाणे, ठाण्याहून कर्जतची लोकल, पुढे सहा आसनी रिक्षा. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे एक चिंचेचं झाड आहे. रिक्षावाला तिथेच उतरवतो. शहरातून आलेली प्रत्येक गोष्ट त्या चिंचेपाशी थांबते. एसटी तिथपर्यंतच, गॅसची गाडी तिथपर्यंतच, १०८ नंबरची रुग्णवाहिकासुद्धा तिथपर्यंतच. त्याच्या पुढे पाय.

पहिला टप्पा भातखाचरांच्या बांधावरून जातो, सोपा आहे. मग ओढा. जूनच्या सुरुवातीला त्यात पाय भिजतात. जुलैत मोठी सर आली की कमरेपर्यंत पाणी येतं आणि तासाभरात उतरतंही. ओढ्याला पाणी असेल तर थांबायचं. दोर बांधून पार करण्याची हौस कोणी करायची नाही. वाडीतली माणसंसुद्धा थांबतात, आणि ती आपल्यापेक्षा शहाणी आहेत.

ओढ्यानंतर खरी चढण सुरू होते. डोंगराच्या सोंडेवरून वाट सरळ वर जाते. दोन्ही बाजूंना ऐन, साग आणि त्याखाली दाट कारवी. पावसाळ्यात वाटेवर तांबडी माती निसरडी होते आणि मधेमधे शेवाळलेला कातळ लागतो. एका ठिकाणी घसारा आहे, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार. तिथे एकामागे एक चालायचं, अंतर ठेवून, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येणार नाही. आपल्यासारख्यांना वर पोचायला दीड ते दोन तास लागतात. वाडीतली बाई डोक्यावर पाच किलो तांदूळ आणि कडेवर मूल घेऊन पाऊण तासात जाते. तुम्ही घामाघूम होऊन दगडावर बसलेले असाल आणि ती तुमच्या शेजारून जाताना विचारेल, "दमलात का?" त्यात टोमणा नसतो, खरंच विचारत असते.

आपण हा चढ वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, पोटभर नाश्ता करून चढतो. तिच्यासाठी हाच चढ म्हणजे रेशनचं दुकान, आठवडी बाजार, बँक, तलाठी, मुलाचा दाखला आणि बाळंतपण. वाट एकच असली तरी चढ एक नाही.

आता थोडा इतिहास. माथेरानचा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधलं. ते पायथ्याच्या चौक गावाकडून वन ट्री हिलच्या बाजूने चढले. पुढे तिथे बंगले झाले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, आणि मुंबईकरांना थंड हवेचं ठिकाण मिळालं. पण मॅलेटसाहेब चढले ती वाट कोणाच्या पायांनी पडली होती? ठाकर, कातकरी आणि धनगर त्याआधीपासून त्या डोंगरात वावरत होते. साहेबाला डोंगर सापडला त्या दिवशी तो हरवलेला नव्हता. आजही उतारावरच्या वाड्यांतल्या बाया पहाटे अंधारात निघून, माथ्यावर भाजी, करवंदं, जांभळं विकतात आणि दुपारी परत उतरतात. बाजाराला जायला आपण खाली उतरतो, त्या वर चढतात.

मॅलेटसाहेब ज्या चौकहून चढले, त्याच चौकच्या बाजूने १७३ वर्षांनी, २०२३ च्या जुलैमध्ये, शेकडो माणसं रात्रीच्या पावसात एक डोंगर चढत होती. तो शेजारचा इर्शाळगड. त्याच्या पदरात ठाकरांची इर्शाळवाडी होती. ट्रेकला जाणाऱ्या मुंबईच्या मुलांना ती चांगली माहीत होती. गडावर जाताना तिथेच चहा व्हायचा. १९ जुलैच्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, डोंगराचा कडा वाडीवर आला. बचावपथकं पायथ्याशी पोचली, पण वर जायला रस्ता नव्हता. जेसीबी नेता येईना, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उतरवता येईना. एनडीआरएफचे जवान, गावकरी, गिर्यारोहक पायी चढले आणि कुदळ-फावड्यांनी, हातांनी माती उपसत राहिले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली.

याआधी २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यात माळीण गाव असंच गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. तिथे निदान सकाळी एसटी जायची. गाव जागेवर नाही हे एसटीच्या ड्रायव्हरनेच पाहिलं आणि कळवलं. इर्शाळवाडीत वाचलेल्यांना मदत मागण्यासाठी त्याच अंधारात, त्याच वाटेने खाली धावावं लागलं.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारने सांगितलं की इर्शाळवाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे "धोका होता तर ते खाली का आले नाहीत?" असं आपण त्या माणसांना विचारतो, तेव्हा आपण त्यांच्याकडून सरकारी यादीपेक्षा जास्त ज्ञानाची अपेक्षा करत असतो.

मग ते खाली का येत नाहीत? आपल्या वाडीतल्या एका आजींना हेच मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "खाली येऊ, पण खाली कुठं?"

बंधू-भगिनींनो, चिंचेच्या झाडापासून स्टेशनपर्यंत येताना रिक्षातून दोन्ही बाजूंना बघा. तारेची कुंपणं, फार्महाऊस, रिसॉर्ट, "प्लॉट विकणे आहे" असे फलक. त्यातला एक गुंठाही या माणसांचा नाही. त्यांची वरीची, नाचणीची जमीन वर आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे, त्याला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. ही जमीन वारसाने मुलांना जाते, पण विकता येत नाही. म्हणजे वरची जमीन विकून खाली घर घ्यावं, असा हिशोब त्यांच्यासाठी नाहीच. ज्यांचा दावा मंजूर झालेला नाही, त्यांना तर भीती असते की आपण जागा सोडली तर आपण तिथे होतो हे उद्या सिद्ध कसं करायचं?

आणि घर सोडणं म्हणजे काय सोडणं, तेही बघा. तुम्ही ज्या झोपडीत जाऊन बसाल तिच्या भिंती कुडाच्या आहेत. कारवीच्या काठ्या ओळीने उभ्या करून, विणून, त्यावर शेणमातीचा गिलावा. वर कौलं, आत माळा, माळ्यावर बियाणं. कोपऱ्यात चूल; चुलीच्या धुराने बियाण्याला कीड लागत नाही आणि पावसाळ्यात लाकूडही कोरडं राहतं. दार ठेंगणं, वाकूनच आत जावं लागतं. आपल्याला ती गरिबी दिसते, आणि गरिबी आहेच, मी ती झाकत नाही. पण त्या घरातली प्रत्येक वस्तू पाऊण तासाच्या परिसरातून आलेली आहे आणि घर दुरुस्त करायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. खाली आलं की पहिल्या महिन्यापासून भाडं, लाकूड विकत, भाजी विकत. उत्पन्न मात्र रोजंदारीचं, तेही मिळालं तर.

कोणी खाली येऊच नये असं मी म्हणत नाही. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी पायथ्याशी नवी घरं बांधली गेली, ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की यायचं की नाही, आणि आलं तर कुठल्या जमिनीवर, हे ठरवताना त्या माणसांचा आवाज असला पाहिजे. तोपर्यंत वर राहणाऱ्यांचा चढ थोडा कमी करणं आपल्या हातात आहे.

आणि चढ फक्त कर्जतच्या बाजूला आहे असं समजू नका. इथून टेकडी ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात आणि आरेमध्ये वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा यांचे पाडे आहेत. त्याच जंगलात विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये झाला. मुंबईला त्यांचं पाणी मिळालं. त्या पाड्यांवरच्या तरुणाला जातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा मागतात. ज्या पणजोबांनी शाळा पाहिली नाही, त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? वनहक्काचा कायदा ग्रामसभेची भाषा बोलतो, आणि मुंबईत ग्रामपंचायत नाही, महापालिका आहे. ही कागदांची चढण आहे. तिथे पाय दुखत नाहीत, पण वर्षं जातात. अंधेरी आणि बोरिवलीच्या ज्या निवृत्त बंधूंनी सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलं, त्यांनी मनावर घेतलं तर या चढणीवर ते आम्हा सर्वांपेक्षा चांगले वाटाडे होतील.

आता या वर्षीच्या वर्गणीबद्दल. समितीपुढे दोन सूचना आहेत. एक नेहमीची: चादरी आणि कपडे. दुसरी मी मांडलेली आहे, आणि ती का, ते सांगतो.

शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करत असताना आमच्या शिक्षकांनी एकदा फळ्यावर त्या रस्त्याचा नकाशा काढला. यरुशलेम उंचावर, यरीहो खूप खोल. म्हणजे ती गोष्टसुद्धा डोंगराच्या वाटेवरची आहे. त्या माणसाने जखमीसाठी काय काय केलं, ते क्रमाने बघा. जखमा बांधल्या. मग त्याला आपल्या जनावरावर घालून वाटेवरून हलवलं. मग उतारशाळेच्या मालकाच्या हातात पैसे ठेवले. आणि परत येईन असं सांगितलं. आपण पहिल्या गोष्टीपाशी थांबतो. पुढच्या तीन राहून जातात: हलवणं, खर्च उचलणं, परत येणं.

पहिलं, हलवणं. वाडीत कोणी आजारी पडलं, कोणाला साप चावला, कोणाचे दिवस भरले, तर आज काय करतात? एका बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात आणि चौघे जण आळीपाळीने खांदा देत उतरतात. पाठीचा मार लागलेल्या माणसाला त्या झोळीत दुमडून न्यावं लागतं. मला दोन घडीची स्ट्रेचर हवी आहेत, पट्ट्यांसकट, एक वरच्या टोकाला आणि एक वाडीच्या मधल्या घरात ठेवायला. आपल्या मंडळीतल्या परिचारिका भगिनी वाडीतल्या तरुणांना एक दिवस शिकवतील: माणसाला कसं उचलायचं, उतरताना त्याचं डोकं वरच्या बाजूला कसं ठेवायचं, साप चावलेल्याला चालवायचं नाही, जखम कापायची नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं.

दुसरं, खर्च उचलणं. जे चौघे खांदा देतात, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. लावणीच्या दिवसांत तर शेतच बुडतं. ते कधी मागणार नाहीत. म्हणून एक छोटा निधी वाडीतल्याच तीन माणसांच्या हाती ठेवायचा, त्यात एक बाई हवीच. आणि चिंचेपासून पुढच्या गाडीभाड्यालाही तो वापरायचा. दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधी खाली आणून दवाखान्याजवळ राहायची सोय करता आली, तर झोळीची गरजच पडणार नाही. आदिवासी भागात सरकारची माहेरघर योजना याच विचाराने सुरू झाली. ती जिथे आहे तिथे बाईला पोचवणं, आणि जिथे नाही तिथे जागा बघणं, हे काम महिला मंडळ करू शकतं.

तिसरं, परत येणं. आपण दरवर्षी पावसाळ्यात जातो, कारण डोंगर हिरवा असतो आणि धबधबे असतात. एकदा एप्रिलमध्ये चला. तेव्हा हंडाभर पाण्यासाठी बाया ओढ्यातल्या झऱ्यापाशी वाटीवाटीने पाणी भरताना दिसतील. मग पुढच्या वर्षी वर्गणी कशावर खर्च करायची हे मला सांगावं लागणार नाही.

आता सूचना, वहीत लिहून घ्या. पावसाळी बूट घाला, चपला नकोत. हातात काठी हवी. पाणी आपापलं, दोन लिटर. वाडीत कोणी पाणी पुढे केलं तर बसून, शेवटच्या थेंबापर्यंत प्या. पण आपण होऊन मागू नका, कारण ते कोणाच्या तरी डोक्यावरून चढलेलं असतं. जेवण वाडीतच करायचं आहे. तांदूळ-डाळ आपण आधी पोचवू आणि रांधणाऱ्या बायांना ठरलेले पैसे देऊ. त्यात भाव करायचा नाही. पानात टाकळ्याची भाजी आली तर नाक मुरडायचं नाही. मुलांना चॉकलेटं वाटायची नाहीत. न विचारता फोटो काढायचे नाहीत, आणि झोपडीच्या आतले तर मुळीच नाहीत. नेलेला प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा खाली परत येईल. दुपारी तीनला उतरायला सुरुवात, कोणासाठी थांबणार नाही.

आणि तारीख. आपण जुलैचा दुसरा रविवार ठरवला होता. वाडीतून निरोप आला आहे की तेव्हा लावणी ऐन भरात असेल, घरी म्हाताऱ्या आणि लहान मुलांशिवाय कोणी सापडणार नाही. म्हणून आपण दोन आठवडे पुढे जातो आहोत. काही जणांनी त्या दिवसाची सुट्टी आधीच टाकली आहे, त्यांची गैरसोय होईल. पण पाहुण्याने यजमानाची सोय बघायची असते. आणि त्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल तर भेट रद्द होईल, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

शेवटी मागणं एकच. वर्गणीचं पाकीट देताना त्यावर फक्त रक्कम लिहू नका. तुम्ही वर्षातून आणखी एक दिवस देऊ शकत असाल, तर तो महिना लिहा. स्ट्रेचर विकत मिळतं, पण एप्रिलच्या उन्हात आपल्याबरोबर चढणारा माणूस विकत मिळत नाही. पाकिटं बाहेर टेबलावर ठेवली आहेत, पेनही आहे.

सर्वांना सलाम. प्रभू तुम्हा सर्वांचं रक्षण करो.